ओळखीपाळखी, नोकरी आणि लिंक्डइन

‘वशिला’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरात तुच्छतेनेच उच्चारलेला ऐकला असेल. अमक्याच्या मुलाला वशिल्याने चिकटवले असे कोणी म्हटले, की त्या मुलाच्या गुणांबद्दल पुढे काही बोलायची गरजच उरत नसे. आपण मार्कांवर इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळवली, जीआरई दिली, इथल्या युनिव्हर्सिटीत असिस्टंटशिप मिळवली. ह्यात कुठेही कोणाचे उंबरठे झिजवले नाहीत ह्याचा आपल्याला अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. पण ह्याच अभिमानापायी इथे आल्यावर आपण एक गोष्ट टाळत राहतो. ती म्हणजे व्यवसायातल्या ओळखी जोडणे, त्या टिकवणे आणि वेळ पडली तर त्यांच्याकडे शब्द टाकणे. अमेरिकेत ह्याला नेटवर्किंग म्हणतात आणि ते कोणी लपूनछपून करत नाही. गेल्या वीसेक वर्षांत ह्या कामाचा मोठा भाग इंटरनेटवर गेला आहे. तो कसा गेला, त्याचा आपल्या खिशाशी काय संबंध आणि त्यात खाचखळगे कोणते, हे थोडे तपशिलात सांगायचा विचार आहे.

आरोग्य आणि अर्थविषयक पानावर हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० लोकांना काढले. जानेवारी २०२३ मध्ये ॲमेझॉनने अठरा हजारांहून अधिक, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि गूगलने १२,००० लोकांची कपात जाहीर केली. गूगलची बातमी आली २० जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीच्या कार्यक्रमांच्या सुमाराला. त्या वर्षी आमच्या मंडळात तिळगूळ देताघेता लोक एकमेकांना हलक्या आवाजात विचारत होते, “तुमच्याकडे हायरिंग चालू आहे का हो?” त्यांतल्या चार-पाच जणांशी माझे नंतर सविस्तर बोलणे झाले. सगळे हुशार, दहा-बारा वर्षांच्या अनुभवाचे. बहुतेकांचे लिंक्डइनवर खाते होते, पण ते विद्यार्थिदशेत उघडलेले. काहींच्या नावापुढे अजून ‘टीचिंग असिस्टंट’ असेच लिहिलेले होते. एकाला पासवर्ड आठवत नव्हता, आणि ज्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर ते खाते उघडले होते ती ईमेल केव्हाच बंद पडली होती. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती ही अशी.

साठ दिवसांचा हिशेब

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप आहे त्यांना नोकरी गेल्यावर पैशांची चिंता असते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला त्याबरोबर घड्याळाचीही चिंता असते. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमानुसार त्याला नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. एवढ्या काळात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या व्हिसाचा अर्ज करा किंवा देश सोडा.

साठ दिवस ऐकायला बरे वाटतात. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. पहिला आठवडा धक्क्यातच जातो. रेझ्युमे नीट करण्यात दुसरा. मोठ्या कंपनीत फोनवरची मुलाखत, मग टेक्निकल, मग दिवसभराची, मग हायरिंग कमिटी असे करता करता महिना कधी गेला ते कळत नाही. ऑफर आली तरी वकिलाला कागद जमवायला वेळ लागतो आणि लेबर डिपार्टमेंटच्या एलसीएला कामाचे सात दिवस धरावेच लागतात. म्हणजे खऱ्या अर्थाने शोधायला मिळतात फार तर पाच आठवडे. ह्या पाच आठवड्यांत कंपन्यांच्या वेबसाइटवर अर्ज टाकून वाट पाहणे परवडत नाही. त्या ढिगातून तुमचा अर्ज उचलून “ह्याच्याशी बोला” असे आतून सांगणारा कोणीतरी लागतो.

घरातल्यांच्या औषधपाण्याचाही प्रश्न असतोच. कंपनीचा विमा संपल्यावर वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीकडून कोब्राखाली तोच विमा सहसा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण त्यासाठी पूर्ण प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. आजवर कंपनी किती भरत होती हे तेव्हा प्रथमच कळते आणि डोळे पांढरे होतात. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात. सरकारी मार्केटप्लेसमधून विमा घ्यायलाही ६० दिवस. मात्र जोडीदाराच्या नोकरीतल्या विम्यात शिरायचे असेल तर पुष्कळ कंपन्या ३० दिवसांचीच मुदत देतात. ती हुकली तर पुढच्या ओपन एन्‌रोलमेंटपर्यंत थांबावे लागते. म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करून टाकावा.

सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा हा सल्ला ह्या पानावर तुम्ही अनेकदा वाचला असेल. माझ्या मते व्यवसायातल्या ओळखी ही त्याच जातीची पुंजी आहे. फरक एवढाच, की पैसे कोणाकडून उसने तरी मिळतात.

दूरच्या ओळखीच का उपयोगी पडतात

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुबळ्या नात्यांच्या बळाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन ह्या गावात अलीकडेच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना त्याने विचारले होते, की ही नोकरी तुम्हाला कोणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. ५५.६ टक्के लोक त्या माणसाला अधूनमधून भेटत होते आणि २७.८ टक्के तर क्वचितच, वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी.

थोडा विचार केला तर ह्यात नवल नाही. दर शनिवारी पॉटलकला जमणारी आपली पाच-सहा कुटुंबे घ्या. ती आपल्यासाठी अर्ध्या रात्री धावून येतील, मुलांना सांभाळतील, महिनाभर डबा देतील. पण त्यांना ठाऊक असलेल्या नोकऱ्या आपल्यालाही आधीच ठाऊक असतात, कारण सगळे त्याच दोन-तीन कंपन्यांत असतात आणि त्याच गप्पा मारतात. नवी बातमी येते ती आठ वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर सहा महिने बरोबर असलेल्या आणि आता दुसऱ्याच गावी दुसऱ्याच धंद्यात असलेल्या माणसाकडून. अशा माणसांचे पत्ते पूर्वी डायरीत हरवून जात. आता ते हरवत नाहीत. ह्या संकेतस्थळांचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात ह्याच मुद्द्यावरचा एक प्रचंड अभ्यास आला. लिंक्डइनने पाच वर्षांच्या काळात दोन कोटींहून अधिक सभासदांना ‘तुम्ही ह्यांना ओळखत असाल’ ह्या यादीत कोणाला जवळची तर कोणाला दूरची माणसे सुचवली आणि पुढे कोणाला नोकऱ्या मिळाल्या ते पाहिले. दूरच्या ओळखींनी नोकऱ्या अधिक मिळतात हे खरे ठरले, पण एका मर्यादेपर्यंत. अगदीच पुसट ओळख असेल तर तिचाही फारसा उपयोग होत नाही. दोघांच्या ओळखीची पाच-दहा माणसे असतील इतपत नाते सर्वांत कामाचे. त्या दोन कोटी लोकांना आपल्यावर असा प्रयोग चालू असल्याची कल्पना नव्हती, ह्यावरून नंतर वर्तमानपत्रांतून टीकाही झाली. मला ती योग्य वाटते.

हे प्रस्थ कसे वाढले

इंटरनेटवर नोकरीच्या जाहिराती १९९० च्या दशकातच आल्या होत्या. अमेरिकेत मॉन्स्टर बोर्ड १९९४ मध्ये निघाले, भारतात संजीव बिखचंदानी ह्यांनी नोकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू केले. पण ते म्हणजे रविवारच्या पेपरातल्या छोट्या जाहिरातींचेच नवे रूप. माणसांची माणसांशी जोडणी दाखवणारे सिक्सडिग्रीज हे संकेतस्थळही १९९७ चेच. ते काळाच्या पुढे होते. घरोघरी इंटरनेट नसताना ओळखीच्या माणसांनी तिथे यायचे कसे? काही वर्षांतच ते बंद पडले. त्याचे पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस ह्या दोघांनी मिळून सात लाख डॉलरला विकत घेतले. हे हॉफमन म्हणजे लिंक्डइनच्या संस्थापकांपैकी एक.

लिंक्डइन ५ मे २००३ रोजी लोकांसाठी खुले झाले. पहिल्या महिन्याअखेर सभासद होते साडेचार हजार, म्हणजे आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या मोठ्या अधिवेशनाला जमतात तेवढेच. मार्च २०११ मध्ये दहा कोटींचा टप्पा गाठला. त्याच वर्षी १९ मे रोजी ४५ डॉलरला काढलेला शेअर पहिल्या दिवसअखेर ९४.२५ डॉलरवर बंद झाला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २,६२० कोटी डॉलरला विकत घेतली तेव्हा सभासद ४३ कोटी होते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये शंभर कोटी झाले. त्यांत अमेरिकेच्या खालोखाल भारत असून २०२३ मध्येच भारतातल्या सभासदांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला होता. अर्थात सभासद म्हणजे रोज येणारा माणूस नव्हे. वर सांगितलेले पासवर्ड विसरलेले गृहस्थही ह्या शंभर कोटींत धरलेले आहेत.

जर्मनीत ह्याच काळात, २००३ मध्ये, हॅम्बुर्गला लार्स हिनरिक्स ह्यांनी ओपनबीसी काढले. २००६ मध्ये त्याचे नाव झिंग झाले आणि जर्मन बोलणाऱ्या देशांत ते पुष्कळ वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. फ्रान्समध्ये व्हियादेओ होते, ते २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाले. ह्या धंद्यात बाजार एकाच ठिकाणी भरतो. जिथे गिऱ्हाईक तिथेच भाजीवाली बसणार, आणि जिथे भाजीवाली तिथेच गिऱ्हाईक जाणार. त्यामुळे पुढे लिहिताना मी लिंक्डइनबद्दलच लिहितो आहे.

हे सगळे फुकट कसे, असा प्रश्न मराठी माणसाला पडायलाच हवा. ते फुकट नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात लिंक्डइनचे उत्पन्न १,६०० कोटी डॉलरांच्या वर होते. त्यातला मोठा वाटा माणसे शोधणाऱ्या कंपन्या देतात, बाकीचा जाहिरातदार आणि वर्गणीदार. आपण तिथे गिऱ्हाईक कमी आणि दुकानात मांडलेला माल जास्त असतो. हे एकदा लक्षात ठेवले की खाते कसे लिहावे हेही कळते.

खाते लिहिताना

रिक्रूटर तुमचे खाते वाचत नाही, निदान आधी तरी नाही. तो शोधयंत्रात शब्द घालतो: अमुक भाषा, तमुक डेटाबेस, गावाचे नाव, अनुभवाची वर्षे. ते शब्द तुमच्या खात्यावर नसतील तर तुम्ही कितीही विद्वान असा, त्याच्या पडद्यावर येणारच नाही. म्हणून नावाखालच्या ओळीत ‘बदलाचा ध्यास घेतलेला नेता’ असल्या फुशारक्या मारू नयेत. ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर, पेमेंट्स, जावा’ असे सरळ लिहावे. ही ओळ कंपनीतल्या तुमच्या हुद्द्यापेक्षा तुम्ही करता त्या कामाची असावी, कारण प्रत्येक कंपनीचे हुद्दे निराळे आणि बाहेरच्याला त्यांचा अर्थ लागत नाही.

कॉलेजचे नाव घालताना आपल्या लोकांचा विशेष गोंधळ होतो. मुंबईचे व्हीजेटीआय पूर्वी व्हिक्टोरिया ज्युबिली होते, १९९७ पासून वीरमाता जिजाबाई. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. पुण्याच्या सीओईपीचे २०२२ मध्ये विद्यापीठ झाले. तुम्ही जुने नाव हाताने टाइप केले तर तुम्ही त्या कॉलेजच्या पानाशी जोडले जात नाही. यादीतून कॉलेज निवडावे, म्हणजे शेजारी त्याचे चिन्ह दिसते. हे का महत्त्वाचे? त्या पानावर ‘ॲलम्नाय’ असा एक विभाग आहे. तिथे सांगलीच्या वालचंद कॉलेजचे किती जण ह्या देशात आहेत, कुठल्या गावात, कुठल्या कंपनीत, काय काम करतात, हे गाळून पाहता येते. मी अनेकांना हा विभाग दाखवला आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला तो नवीन होता. आपल्याला हव्या त्या कंपनीत आपल्याच कॉलेजचे अकरा जण आहेत हे कळल्यावर माणसाचा चेहरा बदलतो.

दुसरा गोंधळ नावांचा. लग्नानंतर आडनाव बदलते, आणि आपल्याकडे कितीतरी घरांतून पहिले नावही बदलले गेले आहे. कॉलेजमधली मैत्रीण ज्या नावाने तुम्हाला शोधते आहे त्या नावाची बाई जगातच नाही, अशी स्थिती होते. खात्यावर पूर्वीचे नाव लिहायची वेगळी जागा आहे, ती भरावी. माझ्या ओळखीतल्या एका मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंना, मुलांसाठी सात वर्षे घरी राहिल्यानंतर, माहेरचे नाव घातल्यावर पंधरा दिवसांत त्यांच्या एम.एस्सी.च्या लॅबमधल्या एका सीनियरचा निरोप आला. त्यांच्यात पंधरा वर्षे पत्रव्यवहार नव्हता. त्या ओळखीतून मुलाखत मिळाली आणि पुढचे त्यांनी स्वतःच्या हुशारीवर मिळवले.

एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. नोकरी थांबली त्या काळाचे काय लिहायचे ह्याचा त्यांना संकोच वाटतो. २०२२ पासून लिंक्डइनवर करियर ब्रेक अशी स्वतंत्र नोंद करता येते, त्यात मुलांचे संगोपन, घरातल्यांची सेवा, स्थलांतर अशी कारणे निवडता येतात. तारखा ओढूनताणून जुळवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

मराठी शाळेत शिकवणे, मंडळाचा हिशेब सांभाळणे, अधिवेशनाच्या जेवणव्यवस्थेत राबणे, हेही जरूर लिहावे. हजार माणसांच्या जेवणाचे कंत्राट, बजेट आणि वेळापत्रक ज्याने सांभाळले त्याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट येते. आपण मात्र त्याला ‘आपलं थोडंसं मंडळाचं काम’ म्हणून सोडून देतो.

शब्द टाकायचा कसा

‘एन्डॉर्समेंट’ नावाचा प्रकार २०१२ मध्ये निघाला. कोणीही एक बटण दाबून तुमच्या कौशल्यावर शिक्का मारतो. माझ्या मावसभावाने, जो नागपूरला दंतवैद्य आहे, माझ्या सी प्लस प्लसची ग्वाही दिली आहे. ह्याला काही किंमत नाही. रेकमेंडेशनला आहे, कारण ते कोणीतरी बसून चार ओळी लिहिलेले असते. ते मागायची वेळ म्हणजे काम संपल्याबरोबर, माणूस खूश असताना. त्याहून उत्तम म्हणजे न मागता आपण आधी दुसऱ्याचे लिहून द्यावे.

अनोळखी माणसाला नुसती ‘कनेक्ट’ची विनंती पाठवू नये. दोन ओळी लिहाव्यात. “नमस्कार, मी वालचंदची २०१०ची. तुम्ही ज्या ग्रूपमध्ये आहात तिथल्या एका जागेबद्दल वाचले. पंधरा मिनिटे फोनवर बोलता येईल का? जमत नसेल तरी हरकत नाही.” इतके पुरे. पहिल्याच निरोपात “माझा रेझ्युमे पुढे पाठवा” असे म्हणणे म्हणजे दारात उभ्या उभ्या जेवायला वाढा म्हणण्यासारखे आहे. आणि इथे वशिल्याचा मुद्दा निकालात निघतो. इथल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांत रेफरल ही राजरोस पद्धत आहे; रेफर केलेल्याची नेमणूक झाली तर बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्याला बक्षीसही देतात. रेफरलने अर्ज वाचला जातो. मुलाखतीत मात्र पाटी कोरीच असते.

उलट बाजूही सांगतो. आपल्याला असा निरोप आला तर दोन दिवसांत उत्तर द्यावे. नाही म्हणायचे असेल तरी द्यावे. साठ दिवस मोजणाऱ्या माणसाला ‘नाही’चाही उपयोग होतो, कारण तो पुढच्या दाराकडे वळतो.

रोज तिथे जाऊन बसायची मात्र गरज नाही. कोण कुठे व्हाइस प्रेसिडेंट झाला, कोणाला कसला पुरस्कार ‘मिळाल्याचे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे’, हे रोज रात्री वाचून कोणाची झोप सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. नोकरी गेलेल्या माणसाने तर ते पान बंदच ठेवावे आणि निरोप व जाहिराती तेवढ्या पाहाव्यात. नोकरी चालू असताना महिन्यातून अर्धा तास पुरतो. दोन जुन्या सहकाऱ्यांची विचारपूस करायची, नवे काम झाले असेल तर एक ओळ घालायची, झाले.

भामट्यांपासून सावध

जिथे गरजू माणसे जमतात तिथे भामटे येतातच. फेडरल ट्रेड कमिशनकडे नोंदल्या गेलेल्या नोकरीविषयक फसवणुकीतले नुकसान २०२० मध्ये ९ कोटी डॉलर होते, ते २०२४ मध्ये ५० कोटींवर गेले. नेहमीची तऱ्हा अशी: मोठ्या कंपनीच्या नावाने निरोप येतो, मुलाखत फक्त चॅटवर होते, तिसऱ्या दिवशी ऑफर. मग लॅपटॉप घ्यायला एक चेक येतो, तो बँकेत भरा आणि अमुक विक्रेत्याला पैसे पाठवा म्हणतात. आठवड्याने चेक खोटा निघतो आणि पैसे तुमचे गेलेले असतात. खरी कंपनी नोकरी देताना तुमच्याकडून कधीही पैसे हलवून घेत नाही. ऑफर लेटरवर सही होण्याआधी कोणी सोशल सिक्युरिटी नंबर किंवा पासपोर्टची प्रत मागितली तर कंपनीच्या मुख्य नंबरवर स्वतः फोन करून खातरजमा करावी. ‘मीही पुण्याचाच’ असे कोणी मराठीत लिहिले म्हणून विरघळू नये. मराठी लिहायला आता यंत्रही शिकले आहे. लिंक्डइनवर ओळख वाढवून गुंतवणुकीच्या नादी लावणाऱ्यांबद्दल एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी २०२२ मध्येच इशारा दिला होता.

पासवर्ड वेगळा ठेवा. जून २०१२ मध्ये लिंक्डइनच्या ६५ लाख सभासदांचे सांकेतिक स्वरूपातले पासवर्ड चोरीला गेल्याचे उघड झाले आणि २०१६ मध्ये कळले, की चोरी ११ कोटींहून अधिक खात्यांची होती. त्या पासवर्डांत ‘सॉल्ट’ घातलेले नव्हते. हे मीठ म्हणजे सांकेतिक रूप देण्याआधी प्रत्येक पासवर्डात मिसळायचा एक निराळा तुकडा. तो नसला की एकसारखे पासवर्ड एकसारखेच दिसतात आणि चोराचे काम सोपे होते. अळणी पासवर्ड लवकर फुटतात. आज तिथे ती चूक नाही, पण तोच पासवर्ड जर तुम्ही बँकेलाही ठेवला असेल तर आज संध्याकाळीच बदला. दुसरे म्हणजे, ते तुमचे ईमेलचे पत्तेपुस्तक वाचायची परवानगी मागतील, ती देऊ नका. सभासदांच्या नावाने त्यांच्या ओळखीच्यांना आमंत्रणाची स्मरणपत्रे पुन्हा पुन्हा गेल्याबद्दलचा खटला २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर देऊन मिटवावा लागला होता.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१९ पासून व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात आणि त्या यादीत लिंक्डइन आहे. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांनाही आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले जाऊ लागले. तेव्हा तिथले हुद्दे आणि तारखा रेझ्युमेशी व पिटिशनशी जुळतात ना, हे एकदा शांतपणे ताडून पाहावे. एच-१बी वर असताना हौसेने ‘फाउंडर’ असे लिहून ठेवले असेल तर आधी वकिलाशी बोलावे.

राहता राहिली वर्गणी. प्रीमियमला महिन्याला तीस डॉलरच्या आसपास पडतात. नोकरी शोधत असताना एक-दोन महिने घ्यायला हरकत नाही. पहिला महिना बहुधा फुकट देतात, तो संपण्याआधी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. वर्षभराची वर्गणी मला उधळपट्टी वाटते. तिथले शिक्षणवर्ग हवे असतील तर आधी आपल्या गावच्या पब्लिक लायब्ररीत विचारा. पुष्कळ लायब्रऱ्या लिंक्डइन लर्निंग आपल्या कार्डावर फुकट देतात, आणि त्यासाठी लिंक्डइनचे खातेही लागत नाही.

मुलांबद्दल विचारणा होते म्हणून सांगतो. खात्यासाठी वयाची सोळा वर्षे पूर्ण असावी लागतात. हायस्कूलमधल्या मुलांना कॉलेजच्या अर्जासाठी त्याची गरज नसते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, पहिल्या समर इंटर्नशिपच्या आधी, त्यांच्याबरोबर बसून ते उघडावे आणि ईमेल कॉलेजची न देता स्वतःची द्यावी.